पत्रूजींचं फालिन

सैन्यात पत्रूजी दुर्गे लान्सनायकाच्या पुढे गेले नाहीत. सुभेदार ते घुग्घुसला आल्यावर झाले, आणि ही बढती त्यांना एका ट्रक ड्रायव्हरने दिली. गेटातून आत येताना तो थट्टेने 'काय सुभेदारसाहेब' म्हणाला. ही थट्टा आहे हे ओळखायला पत्रूजींनी साफ नकार दिला आणि टाचा जुळवून त्याला कडक सलाम ठोकला. ड्रायव्हरच ओशाळला. त्या दिवसापासून प्लाटवर, चहाच्या टपरीवर, बस्तीत, सगळीकडे ते सुभेदार झाले. नव्या हुद्द्याची त्यांना इतकी लवकर सवय झाली, की कुणी नुसतं 'पत्रूभाऊ' म्हटलं तर ते मागे वळून बघायचे, हा कोण पत्रूभाऊ म्हणून.

घुग्घुसच्या बाहेर, रेल्वेच्या साइडिंगला लागून, एका वाहतूकदाराचा कोळशाचा प्लाट आहे. खाणीतून ट्रक येतात, कोळशाचे ढीग लागतात, ढिगातला कोळसा मालगाडीत चढतो. मी तिथे वजनकाट्यावर कारकून आहे. काट्याची केबिन उंचावर, चारी बाजूंनी काच. त्यामुळे मला दिसतं सगळं आणि विचारत कोणी काही नाही. नोकरी म्हणून याहून सुखाची जागा मी पाहिलेली नाही.

पत्रूजी तिथे सुरक्षा एजन्सीतर्फे गार्डांचे मुख्य म्हणून आले. मुख्य म्हणजे चार गार्डांचे मुख्य. हे चौघे आसपासचेच पोट्टे. एजन्सीने सगळ्यांना एकाच मापाचा युनिफॉर्म दिला होता आणि ते माप चौघांपैकी कुणाचंच नव्हतं. त्यांतल्या त्यात हुशार इरफान. त्याच्या वडिलांचं गावात वेल्डिंगचं दुकान. तिथे ठिणग्या फार उडतात म्हणून तो सुरक्षेत आलेला. असं हे सैन्य. त्याचा ताबा घ्यायला पत्रूजी आले ते एक पत्र्याची पेटी आणि लाल फडक्यात गुंडाळलेला पितळी बिगूल घेऊन.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "हे काय?"

"बिगूल, साहेब."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"चार गार्ड चार कोपऱ्यांत राह्यते साहेब. हाक मारली तं ट्रकच्या आवाजात ऐकू जात नाई. मोबाइल लावला तं तो खिशात वाजते, तोवर चोर घरी जाऊन जेवते. बिगूल एका फुकीत साऱ्याइले सांगते. जमा व्हा, जेवा, धोका हाय, सुट्टी झाली. पलटन याच्यावरच चालते."

मॅनेजरसाहेबांनी परवानगी दिली. त्यात खर्च नव्हता, आणि मालक कधी भेटीला आले तर त्यांच्यासाठी काहीतरी वाजेल एवढा विचार त्यांनी केला. साहेब लोक विचार करतात तो साधारण एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रूजी गेटाजवळच्या जुन्या पाण्याच्या टाकीच्या चबुतऱ्यावर चढले. टाकी कधीच गंजून गेली होती, चबुतरा तेवढा उरला होता. पांढरा रुमाल डाव्या हातात, छाती पुढे, तोंड गेटाकडे, आणि त्यांनी 'फालिन' वाजवलं. फालिन म्हणजे सगळ्यांनी येऊन रांगेत उभं राहायचा हुकूम. प्लाटातली कुत्री रडायला लागली. रस्त्यावर दोन ट्रक थांबले, कुणाची तरी मयत येत असेल म्हणून. गार्डांपैकी एकजण हागायला बसला होता तो तसाच बसून राहिला. इरफान तेवढा चबुतऱ्यापाशी आला आणि त्याने वर बघून विचारलं, "कोनाची वरात हाय, चाचा?"

पत्रूजींनी रुमाल सारखा केला. पुन्हा वाजवलं. पुन्हा कोणी आलं नाही. तिसऱ्यांदा वाजवलं. मी केबिनमधून बघत होतो आणि मला वाटत होतं, आता हा माणूस हसेल, नाहीतर शिव्या देईल, नाहीतर पेटी उचलून जाईल. पण पत्रूजींचं पाणी वेगळं होतं. समोर एकटा इरफान उभा होता, त्याच्याकडे बघत त्यांनी पूर्ण पलटणीला देतात तसं भाषण दिलं. "जवानो" अशी सुरुवात केली.

त्या बिगुलाला ना बटणं, ना भोकं. नुसती वळलेली पितळेची नळी. पाचच सूर निघतात आणि ते ओठांनी काढायचे. म्हणून पत्रूजींचं सगळं आयुष्य ओठांभोवती फिरत होतं. रात्री झोपताना ते ओठांना साजूक तूप लावत. तिखट खात नसत. गरम चहा बशीत ओतून, फुंकून, बशी दूर धरून पीत. आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू! आमच्याकडे माणसाला नाव नसलं तरी चालतं, पण खिशात खर्र्याची पुडी लागते. पत्रूजींना खर्रा म्हणजे शत्रूराष्ट्र. "खर्र्यानं ओठ मरते," ते म्हणत. "मेल्या ओठाचा मानूस फक्त खायच्या कामाचा." त्यांनी चारही गार्डांना बिगूल शिकवायचा प्रयत्न केला. चौघांच्याही गालात खर्रा. पहिल्या फुंकेला बिगुलातून आवाज आला नाही, सुपारी आली. पत्रूजींनी तो बिगूल चिंच-राखेने तीन दिवस घासला आणि नंतर कुणाच्या तोंडाला लावू दिला नाही.

जेवणाचाही कॉल होता. लंगरचा. इथे लंगर कुठला, चौघांचे चार डबे चार सायकलींना लटकलेले. पण कॉल वाजल्याशिवाय झाकण उघडायचं नाही असा नियम. कॉल वाजायचा तेव्हा गार्ड आधीच जेवून हात धूत असायचे. काट्यावर रांगेत उभे असलेले ड्रायव्हर मात्र तो ऐकून डबे सोडायला लागले. मग मलाही भूक लागायला लागली. सवय फार वाईट असते.

एकदा त्यांची बायको आली होती, चिमूरकडच्या गावाहून, जवसाची चटणी आणि लाखोळीची डाळ घेऊन. ठेंगणी, तोंडाळ, आणि नवऱ्याला पुरेपूर ओळखून असलेली बाई. केबिनच्या पायरीवर बसून मला सांगत होती. "लगन झालं तवा सांगतलं, पोरगा फौजेत हाय. वाजवते हे कोनी सांगतलं नाई, बाबू."

मी विचारलं, "मग पेन्शन असताना इथे कशाला? घरी का नाही राहात?"

"गावात वाजवू देत नाईत ना. ग्रामपंचायतीत तक्रार झाली. सकाळी वाजवते तं म्हशी पान्हा चोरते म्हनते लोक. शेतात जाऊन वाजवलं तं पिकातले रोही पळत नाईत, मजूर पळते. मंग हे रुसले. म्हनले, जिथी वाजवू देतील तिथी जाईन." ती पायरीवरची धूळ झटकत म्हणाली, "साऱ्या जिल्ह्यात हे एकच ठिकान भेटलं."

हे मात्र खरं होतं आणि ऐकून मला हसू आलं नाही. दिवसातून चार वेळा उभं राहून बिगूल वाजवायला मिळेल अशी जागा त्या माणसाला साऱ्या मुलखात हीच एक होती. बाकी ते कुठेही गेले असते तरी म्हातारा वॉचमन झाले असते. इथे ते सुभेदार होते.

लग्नाची आमंत्रणं यायची नाहीत असं नाही. एका बँडवाल्याने तर येऊन सांगितलं, सुभेदार, नवरदेव घोड्यावर चढताना फक्त एकदा वाजवा. पत्रूजींनी त्याला चबुतऱ्याखाली उभं करून विचारलं, "नवरदेव जमा व्हाचा हाय, का जेवाचा हाय, का त्याले धोका हाय?" बँडवाला म्हणाला, तसा धोका तर आहेच. यावर सगळे हसले. पत्रूजी हसले नाहीत. कॉल म्हणजे हुकूम, हुकूम म्हणजे गंमत नाही, असं त्यांचं ठाम मत, आणि ठाम मताच्या माणसाला गंमत कळली तर त्याचं मत ठाम राहात नाही.

आता गिरजाबाईकडे येतो.

प्लाटच्या मागच्या अंगाला तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे नाला, नाल्यापलीकडे बस्ती. तिथल्या बाया रुळांवर सांडलेला कोळसा वेचायच्या. वेचून भागत नाही, म्हणून प्लाटातूनही न्यायच्या. बोरीत भरून डोक्यावर नेऊन गावातल्या चहा-टपऱ्यांना विकायच्या. मॅनेजरसाहेबांचा चहा ज्या टपरीवरून यायचा तिथली भट्टीसुद्धा याच कोळशावर पेटायची. या बायांची पुढारी गिरजाबाई. पन्नाशीची, काटक, कमरेला पदर खोचलेली, आणि आवाज असा की तिला बिगुलाची गरज नव्हती. पत्रूजींचा या बायांवर मनापासून राग. 'चोट्ट्या' याखेरीज दुसरा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. "एक दिवस रंगेहात पकडतो का नाई पाहा," हे ते मला रोज सांगायचे. मोठ्या चोऱ्या गेटातून व्हायच्या, ट्रकमध्ये बसून, रुबाबात, आणि त्या ट्रकांना पत्रूजी सलाम करायचे. त्याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये. पलटणीत त्यांना चोर ओळखायला शिकवलं होतं ते पायी चालणारे.

रोज संध्याकाळी पत्रूजी फालिन वाजवायचे. हजेरीसाठी. एव्हाना गार्डांना एवढं कळलं होतं की या आवाजाला गेटाशी गेलं नाही तर म्हातारा रात्रभर डोकं खातो. म्हणून चौघे चार कोपरे सोडून गेटाशी येत. मग पत्रूजी बटणं तपासत, बूट तपासत, सुरक्षा म्हणजे काय यावर बोलत. ते बोलायला लागले की सूर्य कंटाळून बुडायचा. शेवटी सुट्टीचा कॉल व्हायचा आणि गार्ड पाय ओढत आपापल्या कोपऱ्यात जायचे.

मी केबिनमधून दोन्ही बाजू बघायचो. गेटाकडे ही परेड. आणि मागे, फालिनचा शेवटचा सूर विरला की नाल्याकाठच्या बेशरमच्या झुडपांतून एकेक करून बाया उठायच्या. कुंपणाच्या फटीतून आत. ना धावपळ, ना कुजबूज. बोऱ्या भरल्या जायच्या. पत्रूजींचं भाषण संपून सुट्टीचा कॉल झाला, की बोऱ्या डोक्यावर आणि बाया बाहेर. गार्ड कोपऱ्यात पोचायच्या आत झुडपं पूर्ववत. बिगूल साऱ्याइले सांगते असं पत्रूजी म्हणाले होते. साऱ्याइले म्हणजे साऱ्याइले. चारच माणसांसाठी वाजवलेला हुकूम नाल्यापलीकडेही तितकाच स्पष्ट ऐकू जातो, एवढी साधी गोष्ट त्या फौजी डोक्यात कधी आली नव्हती. त्यांचं तोंड कायम गेटाकडे आणि पाठ ढिगांकडे.

एकदा टपरीवर गिरजाबाई भेटली तेव्हा मी हळूच म्हटलं, "बाई, तुम्हाला सगळे कॉल पाठ झालेले दिसतात."

"त्यात का हाय? जमा व्हाचं येगळं, सुट्टीचं येगळं. तो तिसरा, भरभर वाजते, तो धोक्याचा. एकडाव रेल्वेचे पोलिस आल्ते तवा वाजवला होता बुढ्यानं. तवापासून ध्यानात हाय."

"आणि गार्ड?"

"त्याइले काई समजत नाई," ती म्हणाली आणि तिला खरंच त्यांची कीव आली असावी.

मग हेड ऑफिसातून नवा सुरक्षा अधिकारी आला. तरुण, काळा चष्मा, हातात टॅब, बोलणं पुण्याकडचं. कॅमेरे बसणार, भोंगा बसणार, सगळं मोबाइलवर दिसणार, असं त्याने जाहीर केलं. संध्याकाळी चबुतऱ्यावर पत्रूजींना पाहून तो थबकलाच.

"हे काय चाललंय?"

मॅनेजरसाहेबांनी अंग काढून घेतलं. "आधीपासून आहे हे."

"पण याचा अर्थ कुणाला कळतो तरी का? उद्या दाखवा मला. माझ्यासमोर."

पत्रूजींना आनंद झाला. किती वर्षांनी कोणीतरी अधिकारी इन्स्पेक्शन करणार होता. रात्री त्यांनी कपड्यांना इस्त्री केली, बिगूल घासला, आणि चौघा गार्डांना धोक्याचा कॉल झाल्यावर कोणी कुठे पळायचं हे पुन्हा पुन्हा पढवलं. पालथ्या घड्यावर त्यांनी किती पाणी ओतलं ते मी ऐकत होतो. सकाळी अधिकारी म्हणाला, खालून काय दिसणार, वर चला. म्हणून पत्रूजी, मॅनेजरसाहेब आणि अधिकारी माझ्या केबिनच्या लोखंडी जिन्यावर उभे राहिले. पत्रूजी तिथे पहिल्यांदाच आले होते. नाल्याकडे बाया रुळांवर कोळसा वेचत होत्या.

"आधी धोक्याचा," अधिकारी म्हणाला.

पत्रूजींनी वाजवला. अगदी सुंदर वाजवला. इरफान गेटाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि परत फिरला. दुसरा संडासाकडे गेला. तिसऱ्याने मोबाइल काढून वर आमचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. चौथा बसलेला होता तो उभा राहिला, हेच काय ते संरक्षण. पण मागे रूळ रिकामे झाले होते. बाया दिसत नव्हत्या. एकही नाही.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "आता ते जमायचं वाजवा."

फालिन झालं. गार्ड एकमेकांना विचारू लागले, आत्ताच तर पळायला सांगितलं. आणि मागे बेशरमची झुडपं हलली. दिवस भलता होता, वेळ भलती होती, पण हुकूम तो हुकूम. गिरजाबाई पुढे, तिच्यामागे एका रांगेत बाकीच्या, कुंपणाच्या फटीतून आत आल्या, ढिगाशी बसल्या आणि कामाला लागल्या.

"सुट्टी," अधिकारी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

सुट्टी झाली. बोऱ्या डोक्यावर चढल्या, रांग लागली, रांग बाहेर गेली. झुडपं स्थिर झाली. मॅनेजरसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते. मी पत्रूजींकडे बघितलं. मला वाटलं होतं, लाजेने काळवंडला असेल म्हातारा. पण त्यांची नजर त्या रांगेवर खिळली होती, आणि ओठ हलत होते. मी जवळ जाऊन ऐकलं. "तीन नंबरवाली पाय चुकवून राह्यली," असं ते स्वतःशी म्हणत होते. जन्मभर पलटण हवी होती, ती मिळाली होती, आणि चोट्ट्यांची निघाली होती.

अधिकारी मूर्ख नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात बेत तयार झाला आणि त्याने पत्रूजींना ऑफिसात बोलावून तो समजावला. "काढायची गरज नाही तुम्हाला. उलट, बिगूल फार उपयोगी आहे. उद्या संध्याकाळी तुम्ही रोजच्यासारखं जमायचं वाजवा. गार्ड गेटाशी येणार नाहीत. आम्ही ढिगांआड असू, सोबत पोलिस. बायका आत आल्या की धरायच्या. एकदा केस झाली की परत कोणी येत नाही. आणि तुम्ही इथेच, बिगुलासकट. मी लिहून देतो." मग त्याने हसून जोडलं, "नाहीतर मग भोंगा आहेच."

त्या संध्याकाळी पत्रूजी माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. न विचारता स्टुलावर बसले, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. बराच वेळ गुडघ्यावरच्या बिगुलाला रुमालाने पुसत राहिले.

"काटेबाबू," ते म्हणाले, "फालिन वाजवाचं, आन फालिन नाई."

"चोरांना पकडायचं आहे, पत्रूजी. तुम्हीच रोज म्हणत होता."

"पकडाचंच हाय. चोट्ट्या हायेत त्या. मले काई त्याइची कीव नाई येऊन राह्यली." मग त्यांनी पलटणीतली एक हकिकत सांगितली. एका नव्या बिगुलवाल्याने गंमत म्हणून अवेळी लंगरचा कॉल दिला. सगळे जवान ताटल्या घेऊन धावत आले, आणि स्वयंपाकघर बंद. सगळे हसले, तोही हसला. "पन दुसऱ्या दिवशी खरा कॉल झाला तं कोनी धावलं नाई, बाबू. चालत चालत आले. आमचे उस्ताद रडले त्या दिवशी. म्हनले, आता धोक्याचा वाजवला तरी हे असेच चालत येतील."

"ती पलटण होती. या कोळसा चोरणाऱ्या बाया आहेत."

"ऐकनारा कोन हाय हे थोडीच पाह्यत वाजवते?" ते जवळजवळ ओरडलेच. "मी वाजवतो, ते ऐकते. बस."

मी त्यांना समजावलं. इथून गेलात तर दुसरीकडे कोणी वाजवू देणार नाही, गावात तर नाहीच, हे सुद्धा सांगितलं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते उठले आणि जिना उतरून गेले. ते काय करणार हे मला त्या वेळी खरंच कळलं नाही. एवढं कळलं की रात्री त्यांनी तूप लावलं, कारण सकाळी ओठ चकाकत होते.

दुसऱ्या संध्याकाळी सगळी तयारी झाली. चारही गार्ड आपापल्या ढिगाआड, आणि आश्चर्य म्हणजे वेळेवर. माणसाला पहारा करायला सांगा, तो झोपेल. दबा धरायला सांगा, जागा राहील. दोन पोलिस एका ढिगामागे, अधिकारी दुसऱ्या ढिगामागे उकिडवा, पांढऱ्या शर्टात. नाल्याच्या बाजूला बेशरमच्या पानांत लुगड्यांचे रंग दिसत होते. बायांनी रिकाम्या बोऱ्या आणि टोपल्या आधीच फटीतून आत सारून ठेवल्या होत्या. केस झाली असती तर बस्तीतल्या निम्म्या चुली कोर्टाच्या तारखांवर विझल्या असत्या. मी काचेला नाक लावून उभा होतो.

पत्रूजी चबुतऱ्यावर चढले. रुमाल डाव्या हातात. छाती पुढे. नेहमी गेटाकडे असणारं तोंड त्यांनी त्या दिवशी ढिगांकडे केलं. बिगूल वर गेला.

आणि त्यांनी धोक्याचा कॉल वाजवला.

एकदा नाही. वाजवतच राहिले. भरभर, खणखणीत, एक सूर न चुकवता, त्या म्हाताऱ्या छातीत एवढा दम कुठून आला कोण जाणे. पहिल्या चार सुरांतच झुडपांतले रंग गेले. नाल्यात थोडी दगडं घरंगळली, एवढंच. ढिगांआडून एकेक डोकं वर आलं. अधिकारी धावत बाहेर आला तो नखशिखान्त काळा, फक्त दात पांढरे.

"हे काय वाजवलंत तुम्ही?"

"धोक्याचा कॉल, साहेब." पत्रूजींनी सलाम ठोकला.

"मी जमायचं वाजवायला सांगितलं होतं!"

"हो साहेब. पन प्लाटात लपलेले मानसं दिसले मले. लपलेले मानसं दिसले का धोक्याचाच वाजवाचा. मले तं हेच शिकवलं हाय."

इरफान हसायला लागला आणि हसता हसता खर्रा गिळून बसला. पोलिस पँटी झटकत निघून गेले. त्यांनाही फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. पत्रूजींना त्याच जागी काढून टाकण्यात आलं. पुराव्यादाखल बोऱ्या आणि टोपल्या तेवढ्या जप्त झाल्या.

हे सांगितल्यावर लोक मला म्हणतात, म्हाताऱ्याचं काळीज मोठं होतं हो. मोठंबिठं काही नव्हतं. बायांसाठी त्यांनी काही केलं असं कुणी मानू नये. त्यांनी केलं ते बिगुलासाठी, स्वतःच्या ताठ्यासाठी. पण खरं सांगायचं तर मला त्या ताठ्याचा हेवा वाटला. आजही वाटतो. आमच्यातल्या बऱ्याचजणांना ताठा परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो ते तो भलत्याच गोष्टीवर खर्च करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर येत होतो तर पत्रूजी रस्त्याच्या कडेला पेटीवर बसलेले. चंद्रपूरला जाणाऱ्या ऑटोची वाट बघत होते. बिगूल लाल फडक्यात, मांडीवर. मी काही बोलणार एवढ्यात नाल्याच्या बाजूने गिरजाबाई आली, मागे आणखी दोघीतिघी. मला वाटलं, आता पाया पडतील, रडतील, आभार मानतील. आपण वाचलेलं सगळं असंच डोक्यात असतं.

"ओ बुढेबाबा," गिरजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोऱ्या गेल्या ना आमच्या. टोपल्या पन गेल्या. जरा आधी वाजवाचं होतं."

पत्रूजी ताडकन उभे राहिले. "कॉल टायमावर होता. तुमीच आधी बोऱ्या आत टाकून ठेवल्या. हुकूम झाल्याबिगर सामान आत टाकते का कोनी?"

"आमाले का मालूम, काल तुमच्या घरी पाव्हने हायेत म्हून!"

"चोट्ट्या त्या चोट्ट्याच," पत्रूजी मला म्हणाले, पण तिला ऐकू जाईल असं. "मी राह्यलो असतो तं एक दिवस पकडलंच असतं याइले. सोडलं नसतं."

"पकडाचं होतं ना मंग," ती म्हणाली. "आमी का नाई म्हनलं? पन तुमी वाजवूनच पकडलं असतं. मालूम होतं आमाले. म्हून तं बिनघोर येत होतो."

एवढ्यात ऑटो आली. पत्रूजींनी पेटी आत ढकलली, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर अर्धवट बाहेर लटकत बसले आणि बिगूल पोटाशी धरला. मग टोपी सारखी केली, आणि इतक्या दिवसांत ज्या बाईला त्यांनी धड नावाने हाक मारली नव्हती, तिच्याकडे बघून म्हणाले, "येतो बाई."